हाक मारली की दहा पावलांवर थांबतो

प्रश्न : आमचा राणा कारवानी जातीचा कुत्रा आहे, ९ महिन्यांचा. मंगळवेढ्याकडच्या एका गावातून दोन महिन्यांचा असताना आणला. आमचं घर सोलापुरात विजापूर रस्त्याला आहे, मागे मोकळं मैदान. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. पहिले काही महिने फार गुणी होता, आता ऐकतच नाही. सासऱ्यांच्या अंगावर उड्या मारतो, परवा ते पडता पडता वाचले. जेवायला बसलं की ताटात तोंड घालतो. मध्यंतरी मैदानात शेळ्यांमागे सुटला, अर्ध्या तासानं आला तेव्हा ह्यांनी चपलेनं मारलं. तेव्हापासून हाक मारली की दहा पावलांवर येऊन उभा राहतो, जवळ येत नाही. मागच्या आठवड्यात मुलगी त्याच्या ताटलीजवळ गेली तर गुरगुरला. शेजारचे म्हणतात, माजलाय, दोन दिवस उपाशी ठेवा, चांगला बडवा, सरळ होतंय. नसबंदी केली तर शांत होईल का?

उत्तर :

ताई, आधी मुलगी आणि ताटली. बाकी गोष्टींना थोडा उशीर झाला तरी चालेल, ह्याला नाही. आजपासून राणाचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. तो खात असताना मुलगी तिकडे जाणार नाही. रिकामी ताटली मोठ्या माणसानं उचलायची, तीही राणा खोलीबाहेर असताना. हाडाला आणि चघळायच्या वस्तूंनाही हाच नियम.

गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, ओरडूही नका. त्यानं सांगितलं, हे तुमच्या फायद्याचंच झालं. खरं तर गुरगुरण्याआधीही तो सांगत असणार: खाता खाता मध्येच थांबणं, मान ताटलीवर आणखी खाली घालणं, अंग ताठ करणं, डोळ्याच्या कडेनं असं बघणं की बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसतो. गुरगुरलं की मार बसतो हे कळलं, की कुत्रा गुरगुरणं सोडतो. ताटलीजवळ कुणी आलं की वाटणारी धास्ती मात्र जशीच्या तशी राहते. मग एक दिवस तो थेट चावतो आणि घरचे म्हणतात, काही कारण नसताना चावला.

ती धास्ती काढायची तर तुम्ही जवळ येणं हेच त्याच्या फायद्याचं व्हायला हवं. ताटलीत नेहमीचं साधं खाणं ठेवा. तुम्ही किंवा तुमचे यजमान, एका वेळी एकानंच, आठ-दहा फुटांवरून सहज चालत जायचं, जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा ताटलीकडे टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. एका जेवणात पाच-सहा फेऱ्या पुरेत. तुमची चाहूल लागताच तो तोंड वर काढून, शेपूट सैल हलवत तुमच्याकडे बघायला लागला, की दुसऱ्या दिवशी एक फूट जवळून जा. अंग ताठ झालं तर दोन फूट मागे. घाई केली की नेमकं इथंच फिसकटतं. खाता खाता ताटली काढून घेऊन ‘सवय लावायची’ हा प्रकार अनेक घरांत चालतो. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो, की माणसं खरोखरच ताटली पळवतात. हा सराव मुलीनं करायचा नाही. राणा पूर्ण सुधारला तरी तिच्यासाठी दाराचा नियम कायम.

गुरगुरणं अगदी नवीन असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. दात, कान दुखत असेल, गोचीड ताप अंगात असेल, तर शांत कुत्राही चिडचिडा होतो. आणि कधी दात लागलाच, तर हळद, चुना, मिरची काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. राणाला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

आता ‘माजलाय’ ह्याविषयी. कुत्र्याला घरात म्होरक्या व्हायचं असतं, ही समजूत १९४७ साली छापलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून आली. ते लांडगे बंदिस्त आवारात एकत्र ठेवलेले होते. डेव्हिड मेक ह्या शास्त्रज्ञाच्या १९७० मधल्या पुस्तकानं ती समजूत जगभर पोचवली आणि त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, बाकी काही नाही. राणाला तुमच्या घरात सत्ता नको आहे. तो वयात येतोय. ब्रिटनमध्ये गाईड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारी कुत्री, होणाऱ्या पिल्लांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या मानानं सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे ‘पूर्वी गुणी होता’ हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. हे दिवस जातात. मात्र ह्या दिवसांत मार खाल्लेल्या कुत्र्याला पुन्हा जवळ आणायला वेळ लागतो.

तो चपलेचा प्रसंग राणाच्या बाजूनं बघा. शेळ्यांमागे धावला, मजा आली. दमला, घर आठवलं, आपणहून परत आला. मालकाच्या पायाशी पोचला आणि चप्पल बसली. कुत्रा शिक्षेची किंवा बक्षिसाची सांगड घालतो ती त्याच्या लगेच आधी, एक-दोन सेकंदांत घडलेल्या गोष्टीशी. अर्ध्या तासापूर्वीच्या शेळ्या त्या हिशेबात येतच नाहीत. म्हणून तो शिकला ते एवढंच: बोलावलं तरी हाताच्या टप्प्यात जायचं नाही. दहा पावलं हे त्यानं मोजून ठरवलेलं अंतर आहे. ‘पण त्याला कळतं, बघा कसा ओशाळतो’ असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. २००९ मधल्या एका प्रयोगात कुत्र्यांचा तो ओशाळलेला चेहरा मालक रागावल्यावर दिसला, मग कुत्र्यानं आगळीक केलेली असो वा नसो. कान मागे, नजर चुकवणं, ओठ चाटणं, शेपूट खाली: ह्याचा अर्थ ‘चिडू नका’ एवढाच.

तेव्हा राणाशी बोलायचं तर शब्दांपेक्षा वेळ साधायला शिका. त्यासाठी एक खुणेचा शब्द लागतो. ‘येस’ घ्या. छोटा आहे, आणि घरात दिवसभर कुणी म्हणत नाही. पहिले दोन दिवस फक्त एवढंच: ‘येस’ म्हणायचं आणि सेकंदाच्या आत खाऊ द्यायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. ‘येस’ ऐकताच त्याची मान झटकन वळायला लागली की शब्द तयार झाला. पुढे त्यानं हवी ती गोष्ट केली त्याच क्षणी ‘येस’, मग खाऊ. खाऊ काढायला दोन सेकंद लागले तरी बिघडत नाही, कारण नेमका क्षण शब्दानं पकडलेला असतो.

खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंड्याचा पांढरा भाग, पनीर चालेल. दिवसभरात दिलेला खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नका. घरातली शेंगाचटणी लसूण, तिखट आणि मिठामुळे बाद, तिचा हात लागलेली भाकरीसुद्धा. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. आपल्या भागात बेदाणे घरात उघडे पडलेले असतात, तेवढे उंचावर ठेवा. शेजारी सांगतात तसं उपाशी ठेवायची काहीच गरज नाही, जेवणाच्या वेळेच्या अर्धा तास आधी सराव घेतला की पुरे. एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. अर्धा तास रेटलं तर दहाव्या मिनिटापासून तो जमीन हुंगायला लागेल आणि तुम्ही चिडाल.

घरात सगळ्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरायचा. सोलापूरच्या घरांत मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी एका वाक्यात येतात. त्याचं कुत्र्याला वावडं नाही, पण बसण्यासाठी आजी एक म्हणणार, नातीच्या तोंडी ‘सिट’ आणि बाबांचं ‘ए बस की’, हे चालणार नाही. ‘बस’ तर टाळाच, आपण दिवसभर वाढताना आणि भांडताना ‘बस, बस’ करत असतो. आधी शब्द, मग सेकंदभरानं हाताची खूण, ह्या क्रमानं. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हात बघतो आणि शब्द सोडून देतो.

आता बोलावणं. जुनी हाक बिघडली आहे, ती दुरुस्त करत बसू नका. नवीन आवाज घ्या, शिट्टी सगळ्यात बरी: ती रागात आणि लाडात सारखीच वाजते. पहिला आठवडा घरात, दोन-तीन पावलांवरून. शिट्टी एकदाच, तो वळला की ‘येस’, पायाशी आल्यावर चिकनचे चार तुकडे एकामागून एक. समोर वाकून उभं राहू नका आणि झडप घालून पट्टा धरू नका. तिरपे उभे राहा किंवा उकिडवे बसा. तो खात असताना गळ्याखाली हळूच बोटं लावा, आणखी एक तुकडा, आणि सोडून द्या. हे सोडून देणं विसरू नका. दहापैकी नऊ वेळा बोलावून, खाऊ घालून पुन्हा खेळायला पाठवा. बोलावणं म्हणजे नेहमीच साखळी आणि घर असं झालं, की शहाणा कुत्रा येत नाही. यजमानांनीही हा सराव करायचा, किंबहुना त्यांनीच जास्त, कारण चप्पल त्यांच्या हातात होती. पहिले काही दिवस तो त्यांच्यापासून पाच पावलांवर थांबेल. तिथंच ‘येस’ म्हणून तुकडा त्याच्याकडे फेका, पुढचा थोडा अलीकडे. ओढून आणू नका.

दुसऱ्या आठवड्यात अंगणात, तिसऱ्यात मैदानात, पण मोकळा नाही. १० मीटर लांब सुती दोरी घ्या, ती हार्नेसला, म्हणजे अंगावर चढवायच्या पट्ट्यांना बांधा. गळपट्ट्याला नको, धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. कारवान्यांची आणखी एक गोष्ट: डोकं अरुंद, मान जवळजवळ तेवढीच जाड. साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो आणि कुत्रा रस्त्यावर मोकळा. छाती आणि पोट दोन्हीकडे पट्टे असलेला हार्नेस लागतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. दोरी हाताला गुंडाळून धरू नका. २२-२५ किलोचा कारवानी सुटला की बोटं सोलवटून निघतात.

शेळ्यांचं मात्र साफ सांगायला हवं. ही जात नजरेनं शिकार हेरून पळत गाठण्यासाठी पिढ्यान् पिढ्या जोपासलेली आहे. लॅब्रेडॉर एखाद्या वेळी ऐकेल, पाठलागात शिरलेल्या कारवान्याच्या कानात काहीच जात नाही. हाक द्यायची ती धावण्याआधी. आधीचा क्षण ओळखू येतो: तोंड मिटतं, कान उभे, शेपूट ताठ, एक पाय उचललेला आणि सगळं अंग थिजलेलं. हे दोन-तीन सेकंद टिकतं. तेव्हाच शिट्टी, आणि वळल्यावर घसघशीत खाऊ. वळला नाही तर तुम्ही फार जवळ आहात. आवाज न चढवता दोरीनं वळवून अंतर दुप्पट करा. शेळ्या १०० मीटरवर असताना जमलं तर पुढच्या आठवड्यात ८० मीटर. चुकून सुटलाच तर मागे धावू नका, त्याला ती शर्यत वाटते. उलट दिशेला पळत शिट्टी द्या. आणि तासाभरानं आला तरी पायाशी पोचल्यावर चिकनच. मनात काय शिव्या द्यायच्या त्या द्या. रस्त्याकाठी, रहदारीजवळ हा कुत्रा कधीच मोकळा सोडायचा नाही, कितीही शिकला तरी. त्याची धाव भागवायला कुंपण घातलेली जागा शोधा, ओळखीच्यांचं शेत, पटांगण काहीही. दिवसाला दोनदा अर्धा तास नीट फिरणं-पळणं झालं नाही तर घरातला निम्मा धिंगाणा त्यापायीच असतो.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. आपल्याकडचा पारा चाळिशीपार असताना डांबरावर हाताचा पंजा पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही ठेववत नाहीत. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर साधं पाणी अंगावर ओतत पंखा लावा आणि डॉक्टरकडे निघा.

सासऱ्यांच्या अंगावरच्या उड्या. ते हातांनी ढकलत असतील, ‘खाली, खाली’ म्हणत असतील. राणासाठी तो चांगला खेळ आहे: हात लागले, आवाज आला, माणूस हलला. छातीवर गुडघा मारा असा सल्ला देणारेही भेटतील. बारीक हाडापेराच्या ह्या जातीला इजा होते आणि तोल सासऱ्यांचाच जातो. शिकणं होईपर्यंत पडण्याची वेळच येऊ देऊ नका. सासरे उठण्याआधी राणा दोरीनं खिडकीच्या गजाला, किंवा मधलं दार बंद. सराव करताना सासऱ्यांना खुर्चीत बसवा, राणा तुमच्या हातातल्या दोरीवर. चारही पाय जमिनीवर आहेत तोवर सासऱ्यांनी ‘येस’ म्हणून तुकडा त्याच्या पायाजवळ टाकायचा. वरून हातानं दिला तर तो हात गाठायला उडी मारणारच. पुढचे पाय उचलले गेले की सासऱ्यांनी काही न बोलता तोंड फिरवायचं आणि तुम्ही राणाला दोन पावलं मागे न्यायचं. दोन सेकंदांनी पुन्हा. बसून जमलं की उभं राहून, मग चालताना, मग काठी हातात घेऊन. मध्ये दोन-तीन दिवस उड्या वाढतील, आधी चालणारी युक्ती तो जोर लावून बघतो. तेव्हा कुणीतरी कंटाळून ‘अरे बस झालं’ म्हणत गोंजारलं, की जास्त जोरात उडी मारावी एवढं तो शिकला.

ताटात तोंड घालण्यामागे कुणाचा तरी हात असतो, बहुधा आजीचा. दहा जेवणांतून एकदा भाकरीचा तुकडा मिळाला तरी कुत्रा उरलेल्या नऊ वेळा आशेनं येतो. रोज देण्यापेक्षा अधूनमधून देण्यानं सवय जास्त घट्ट होते. देणं बंदच करायचं, आणि त्याऐवजी त्याला बसायला जागा द्यायची. जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून भिंतीपाशी टाका, तुमच्या पंगतीपासून सहा-सात फुटांवर. जेवणाच्या वेळेशी संबंध न ठेवता सराव सुरू करा. त्याचे पाय चादरीवर पडले की ‘येस’, खाऊ चादरीवरच, दोन पंजांच्या मधे. आपणहून तिथे जाऊन बसायला लागला की ‘जागेवर’ हा शब्द जोडा. मग वेळ वाढवा: दर तीन सेकंदांनी तुकडा, मग पाच, दहा, वीस. उठायची परवानगी तुम्ही द्यायची, ‘सुट्टी’ म्हणून. पहिल्यांदा एकट्यानं रिकामं ताट घेऊन खाली बसा, मग ताटात भाकरी, मग दोघं, मग सगळे. पाचव्या मिनिटाला तो उठून येत असेल तर तुम्ही चौथ्या मिनिटाला तुकडा टाकायला चुकताय. खऱ्या जेवणात पहिले काही दिवस एकानं जेवायचं नाही, राणाकडेच बघायचं. तेवढं मनुष्यबळ नसेल तर जेवताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. नळाला पाणी सुटलेलं असताना, दार उघडं आणि सगळ्यांची धावपळ चालू असताना सराव घेऊ नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्रीही नाही. घाबरलेला कुत्रा खाऊ घेत नाही आणि शिकतही नाही.

नसबंदीनं मादीच्या मागे भटकणं आणि जागोजागी मुतणं बऱ्याच नरांत कमी होतं. उड्या, ताट, शेळ्या, न येणं ह्यातलं काहीही तिनं जाणार नाही. करायचीच असेल तर ह्या बांध्याच्या कुत्र्याची वाढ पुरी होऊ द्या, वय डॉक्टर ठरवतील. फक्त ऑपरेशन ठरवतानाच त्यांना सांगा, की हा कारवानी आहे, ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या वर्गातला. अंगात चरबी फार कमी असल्यानं आणि काही औषधांचा निचरा शरीरात हळू होत असल्यानं ह्या वर्गातल्या कुत्र्यांची भूल काही औषधांनी उतरायला फार वेळ लागतो. डॉक्टरांना आधी कळलं तर त्याप्रमाणे औषध निवडता येतं. आणि शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतायत म्हणून कुणी ‘खायला घालत नाही का?’ विचारलं तर वाढवू नका. कारवान्याचं अंग तसंच असतं.